ह्यांच्या पाठीसाठी नवी सीट

५ मार्च, बुधवार. संध्याकाळ.

आजपासून डायरी. मी सांगणार, सूनबाई लिहिणार. मला अक्षरं येत नाहीत, पण त्यावाचून माझं काही अडलं नाही. अडलं असेल तर अक्षरांचं.

नियम तीन. एक, मी सांगेन ते सगळं लिहायचं आणि तेवढंच लिहायचं. दोन, लिहिणारीने मध्ये बोलायचं नाही, सुचवायचं नाही, हसायचं नाही. बोलली की वही बंद. तीन, डायरी गुप्त. माझ्याशिवाय कोणाला कळता कामा नये.

सूनबाईने विचारलं, मग मी डोळे मिटून लिहू का. दुसरा नियम पाच मिनिटांत मोडला. पहिली ताकीद दिली आहे.

विषय: मोटारसायकलची सीट.

दर बुधवारी ह्यांच्या मागे बसून मी पुलापलीकडे अक्काकडे जाते. अठरा किलोमीटर जायला, अठरा यायला. एकतीस वर्षांत एकच बुधवार चुकला, नातीच्या जन्माचा, आणि तोही सूनबाईने नेमका बुधवार धरला म्हणून. (ती लिहायची थांबली. लिही म्हटलं. लिहिते आहे.)

अक्का म्हणजे माझी मोठी बहीण. वय एकोणऐंशी, गुडघे गेलेले, फाटकापलीकडे पाऊल नाही. आम्ही पत्ते खेळतो. मी जिंकते. डिसेंबरात तिने दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हापासून जरा कमी जिंकते.

आज घरी आल्यावर गाडीवरून उतरताना एक आवाज निघाला. कण्हल्यासारखा. चिरंजीव नेमके फाटकात उभे. कोण कण्हलं विचारलं. मी म्हटलं, तुझे बाबा. हे अजून हेल्मेट काढत होते.

चिरंजीवांचं मत असं की सत्तरीच्या माणसांनी मोटारसायकल सोडावी. म्हणाला, महिनाअखेरपर्यंत बघतो. दोघांपैकी कोणाचं काहीही दुखलं तर गाडी विकायची, आणि तुम्ही बसने जायचं. बसने म्हणजे दोन बस बदलायच्या आणि मध्ये पुलाचा जिना. मग अक्का मला वर्षातून दोनदा दिसणार, आणि पत्त्यांत ती कोणाला हरवणार.

म्हणजे कोणाकडून हरणार. खोड ते.

निर्णय झाला. सीट बदलायची. ह्यांच्या पाठीसाठी. मला काही होत नाही. उजव्या अंगाला, बसते तिथे, दोन महिने जरा कळ येते. तिला दुखणं म्हणत नाहीत.

६ मार्च, गुरुवार. सकाळी दहा.

ह्यांना सांगितलं की तुमची पाठ दुखते. म्हणाले, बरं.

हा गुण आहे त्यांच्यात. चाळीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडत हिंडले, जगाचं बोलणं जोडून दिलं आणि स्वतःचं शिल्लकच ठेवलं नाही. त्यांना शिकवलं आहे: चिरंजीव समोर आले की डावा हात पाठीवर ठेवायचा आणि हळूच हुं करायचं. दोनदा तालीम घेतली. दुसऱ्यांदा हात पोटावर गेला. जमेल.

सूनबाई विचारते, पाठ ह्यांची आणि कळ तुमची, हे लिहायचं का. दुसरी ताकीद.

एक गोष्ट इथे नोंदवून ठेवते, घरातल्यांना कदर नाही म्हणून. किल्ल्यांचा जुडगा मी अजून स्वतःजवळ बाळगते. अकरा किल्ल्या. आधी कमरेला पुढे असायचा. नव्या वर्षात ऐकलं की पुलाच्या सिग्नलला हिसका मारणारे हिंडतात, तेव्हापासून जाड कापडाचा आतला खिसा शिवून घेतला, मागे, उजवीकडे. चोराचा बापही तिथे हात घालणार नाही. बसताना मात्र हाताने बाजूला सारावा लागतो. ते मी झोपेतही करते.

अकरांपैकी दहा कपाटांच्या, फडताळांच्या, पेट्यांच्या. अकरावीबद्दल लिहायचं नाही.

ते का लिहिलंस?

वही हातात घेऊन बघितली. मी एवढं बोलले आणि ओळी एवढ्याच. शिवाय पानाच्या कडेला एक सुटा शब्द दिसला, बाकीच्यांपासून लांब, फटकून राहणाऱ्या शेजाऱ्यासारखा. हे काय विचारलं. म्हणाली, पेन चालतंय का बघितलं.

८ मार्च, शनिवार. दुपार.

सीटवाल्याकडे जाऊन आलो. टायरवाला आणि बॅटरीवाला ह्यांच्या मधल्या खाचेत त्याचं दुकान. दारात सीटांचे सांगाडे, आत फोमचे गठ्ठे, वरून रेक्झिनच्या गुंडाळ्या लोंबतात. माणूस बारीक, तोंडात कायम दोन पिना. बोलतो ते पिनांमधून, म्हणून नेमकंच बोलतो.

गाडीची सीट काढली, उलटी केली, सुलटी केली, तळहाताने दाबून बघितली. म्हणाला, चालवणाराची बाजू थोडी बसली आहे, पण अजून पाच वर्षं जाईल. मागची बाजू उत्तम आहे. फक्त उजवीकडे एक खळगा आहे, लहान आणि खोल, असा कशाने पडला कळत नाही. आजी, सोबत काही टोकदार नेता का.

मी म्हटलं, माझी जीभ. त्याने पिना काढून हसून घेतलं.

मग फोम दाखवले. मऊ, मध्यम, कडक. म्हणाला, मऊ फोम दुकानात गोड लागतो, दहाव्या किलोमीटरला संपतो. कडक फोम दुकानात शिव्या खातो आणि मग आयुष्यभर दुवा घेतो. मी त्याला सांगितलं की बाबा, मी चौदा गाद्या भरून घेतल्या आहेत, समोर बसून. मला फोम शिकवू नकोस. मऊ म्हणजे मऊ. चार बोटं जाडीचा.

त्याने ह्यांना विचारलं. हे म्हणाले, ती म्हणेल तसं. त्याने ह्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की जुनी ओळख निघाली असावी.

ठराव: अनुभवी माणसाने दुकानदाराचं ऐकून घ्यावं, ऐकू नये.

११ मार्च, मंगळवार. दुपार.

सीट तयार. त्याच्या दुकानातच, लाकडी घोड्यावर ठेवून, बसून बघितली. पिशवी खाली ठेवली, दोन्ही हातांनी नीट सावरून बसले. स्वर्ग. कळ नावाला नाही. पंधरा मिनिटं बसून होते, उठवेना. बॅटरीवाल्याने चहा आणून दिला.

हा विषय आता संपला. डायरीला नवीन विषय बघावा लागेल. सूनबाईचा स्वयंपाक, असा एक मनात आहे.

१२ मार्च, बुधवार. संध्याकाळ.

निघताना पाठ ताठ, चेहरा प्रसन्न. उजवा हात ह्यांच्या खांद्यावर, डाव्या हाताने मांडीवरची पिशवी घट्ट. पिशवीत अक्कासाठी लोणच्याची बरणी असते, ती सोडून चालत नाही. पाय एका बाजूला. एकतीस वर्षांची बैठक आहे ही. चित्र काढून घ्यावं अशी.

पहिल्या सिग्नलपर्यंत स्वर्ग. दुसऱ्या सिग्नलला स्वर्गात काहीतरी टोचलं. पुलावर चढेपर्यंत कळ अशी की लोणच्याची बरणी नदीत टाकावीशी वाटली.

अक्काने विचारलं, तोंड असं का. मी म्हटलं, ह्यांची पाठ. हे हात पाठीवर नेत होते, पण तिथे चिरंजीव नव्हते, उगाच खर्ची घातला.

कारण सापडलं. फोम फारच मऊ. माणूस आत बुडतो आणि खालच्या पत्र्यावर जाऊन टेकतो. सीटवाल्याने बजावून सांगायला हवं होतं.

सूनबाई म्हणते की त्याने सांगितलं होतं, आठ तारखेला लिहिलं आहे. मी म्हटलं, लिहिणं आणि बजावणं ह्यांत फरक असतो.

अक्का पुन्हा विचारत होती आईच्या पेटीबद्दल. आईची लोखंडी पेटी अक्काच्या पलंगाखाली आहे, आई गेल्यापासून बंद. किल्ली हरवलेली. दर दोन महिन्यांनी अक्का विचारते की तुला काही आठवतं का. मला काय आठवणार. मी म्हटलं, तूच कुठे ठेवली असशील. तिने आता नव्या डोळ्यांनी बघितलं माझ्याकडे. मी हुकमाचं पान टाकलं.

कडेला परत एक सुटा शब्द. हिचं पेन फार मरतं.

१५ मार्च, शनिवार. दुपार.

सीटवाल्याकडे. त्याने मऊ सीट हातात घेतली आणि अंगठा थेट उजवीकडच्या जागेवर नेला. परत खळगा. आजी, तुम्ही खिशात काही ठेवता का, विचारतो मला. परक्या बाईला. मी म्हटलं, तू फोमपुरतं बघ.

ह्या वेळी कडक. त्याचंच ऐकते आहे, म्हणजे बिघडलं तर त्याचं बिघडेल. तो म्हणाला, दोन बोटं जाड पुरे. मी म्हटलं पाच. तो म्हणाला, उंच होईल. मी म्हटलं, उंच बसलेल्या माणसाचं काय वाईट होतं कधी.

१९ मार्च, बुधवार. संध्याकाळ.

उंच झाली.

फाटकात गाडी उभी, हे वर बसलेले, आणि मी खाली. सीट माझ्या बरगडीला लागते. आधी ओट्याच्या पायरीवरून प्रयत्न केला. मग सूनबाईने स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. स्टुलावरून चढले, खरं तर खेचली गेले. समोरच्या घरातली दोन माणसं खिडकीत आली. एकाने दुसऱ्याला बोलावून आणलं असावं.

वर गेल्यावर ध्यानात आलं की पाय टेकायच्या दांडीला पाय पोचत नाहीत. लोंबते पाय घेऊन अठरा किलोमीटर. कळ होतीच. पहिल्या सिग्नलला हजर.

अक्काकडे पोचलो. आता उतरणार कशी. स्टूल आपल्या घरी. हे म्हणाले, उडी मार. ह्या वयात त्यांना विनोद सुचायला लागले आहेत.

शेवटी अक्काच खुर्ची घेऊन फाटकात आली. ती खाली, मी गाडीवर, आणि हे समोरच्या कट्ट्यावर पेपर वाचत. गाडी स्टँडवर. पिशवी तिच्याकडे दिली, दोन्ही हात मोकळे, जरा सावरून बसले आणि काय सांगू, सव्वा तास बसले, कळ म्हणून नाही. पत्ते पेट्रोलच्या टाकीवर वाटले. वरून अक्काचे सगळे पत्ते दिसत होते. पाच डाव जिंकले.

अक्का म्हणाली, ही रीत चांगली आहे, मला पण बाहेरची हवा लागते. दर बुधवारी फाटकातच बसू.

येताना परत कळ.

आता विचार करण्यासारखी गोष्ट आहे. तीच सीट. उभी असताना सुख, चालताना दुःख. म्हणजे दोष सीटचा नाही. दोष चालवण्याचा आहे.

सूनबाईने पेन खाली ठेवून डोकं वहीवर टेकलं. बरं वाटत नाही का विचारलं. म्हणाली, नाही, लिहिते आहे. मग कडेला काहीतरी लिहिलं, जरा जोरात. कागद फाटायचा राहिला.

२० मार्च, गुरुवार. सकाळ.

ह्यांना चालवायला शिकवायचं ठरवलं. खड्डा दिसला की कुठून घालायची, ब्रेक कसा लोण्यासारखा दाबायचा. अर्धा तास सांगितलं. मी स्वतः चालवलेली नाही, पण मागे बसून जेवढं दिसतं तेवढं पुढच्याला दिसत नाही. हे म्हणाले, बरं. मग गाडी पुसायला गेले. काल दोनदा पुसली होती.

जेवताना चिरंजीव म्हणाला, दोन सीटा झाल्या, आता काय. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला चाललंय. मी विचारलं, म्हैस कोण. सगळे ताटात बघायला लागले. नवऱ्यासारखं न बोलणं ह्या घरात हळूहळू सगळ्यांना जमायला लागलं आहे.

ह्यांनी त्या शांततेत हात पाठीवर ठेवून हुं केलं. चांगलं वठलं. पण वेळ चुकली. चिरंजीवाने लगेच विचारलं, बाबा, फार दुखतं का. महिनाअखेर लक्षात आहे ना.

२२ मार्च, शनिवार. दुपार.

सीटवाल्याकडे शेवटचं माप. त्याच्याकडे एक नवीन फोम आलाय, मेमरी फोम. अंगठा दाबून उचलला की अंगठ्याचा ठसा तसाच राहतो, मग हळूहळू भरून येतो. दवाखान्यातल्या गाद्यांसाठी असतो म्हणे. बसणाराचं शरीर लक्षात ठेवतो. मी म्हटलं, वा. चाळीस वर्षांच्या संसारात हे ह्यांना जमलं नाही ते फोमला जमतं.

उंची जुन्या सीटएवढीच ठेव म्हटलं. वरून पातळ कापड लावणार, जाड रेक्झिन लावलं तर फोमला काही जाणवत नाही. तो म्हणाला, आजी, एकदा आहे तशा बसून दाखवा, गाडीवर बसता तशा, पिशवी वगैरे घेऊन. मला काहीतरी बघायचं आहे. मी म्हटलं, माझ्या बसण्याचं प्रदर्शन नाही. बसून दाखवलं नाही.

जुनी सीट त्याने वर फळीवर ठेवली आहे, प्लास्टिकमध्ये गुंडाळून. टाकून दे म्हटलं. असू दे म्हणाला.

२६ मार्च, बुधवार. दुपार.

सीट झाली नाही. फोमचा गठ्ठा यायचा आहे. गाडी सीटशिवाय अंगणात, सोललेल्या मक्यासारखी. अक्काकडे जाणं नाही.

अक्काचा फोन. फाटकात खुर्ची टाकून बसले होते, म्हणाली. मी म्हटलं, काल कळवलं होतं ना येत नाही म्हणून. म्हणाली, कळवलं होतंस. तरी बसले.

ह्यांच्याबरोबर पत्ते खेळले. मुद्दाम हरतात. मजा नाही.

आज एवढंच.

२९ मार्च, शनिवार. संध्याकाळ.

सीट बसली. तळहात दाबला, पाची बोटं उमटली, सूनबाईलाही दाबायला लावलं. तिचा पंजा माझ्यापेक्षा लहान आहे. काम कमी.

घरच्या घरी, गाडी उभी असताना, बसून बघितली. दोन्ही हात मोकळे. स्वर्ग. महिना संपायला दोन दिवस. चिरंजीवाला सांगितलं, बुधवारपर्यंत थांब. बुधवारी तुझी आई गाडीवरून पिसासारखी उतरेल. तो म्हणाला, बाबांच्या पाठीचं बघतोय मी. मी म्हटलं, हो, तेच.

ठराव: बुधवारी गाडीवर गप्प बसणं, ह्यांना उजवं-डावं न सांगणं, अक्काचे पत्ते न बघणं.

२ एप्रिल, बुधवार. सकाळी आठ.

निघतो आहोत. प्रसन्न. वही बरोबर घेतली नाही. आल्यावर विजयाची नोंद करू.

२ एप्रिल, बुधवार. संध्याकाळ.

आज काही लिहायचं नाही.

३ एप्रिल, गुरुवार. सकाळी अकरा.

सूनबाई वही घेऊन सकाळपासून तीनदा समोरून गेली. चौथ्यांदा बसली. सांगते.

कळ आली. पहिल्या सिग्नलला नाही, पुलावर. पण आली. गप्प बसायचा ठराव होता म्हणून गप्प बसले, ह्यांना वाटलं मी पडले. दोनदा मागे वळून बघितलं.

अक्का फाटकात खुर्चीवर तयार. मी उतरले, एकदाची. पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. तिला सांगणार होते की बघ, हा फोम काय फोम आहे, बसणाराचं शरीर लक्षात ठेवतो. पण ती आधीच बघत होती. पुढे वाकून, सीटकडे. दोन्ही नव्या डोळ्यांनी.

मी पण बघितलं.

माझ्या बसण्याचा गोल खळगा, आणि त्यात, उजवीकडे, नीट छापल्यासारखा किल्ल्यांचा जुडगा. लहान किल्ल्या एकात एक गुंतलेल्या, आणि सगळ्यांच्या वर एक मोठी. पानाच्या आकाराचं डोकं, डोक्यात भोक, लांब दांडी, शेवटी दोन दात आणि तिसरा अर्धा तुटलेला.

फोम हळूहळू भरून येत होता. एवढा हळू कधी भरून येऊ नये कोणी.

अक्का म्हणाली, ही आईच्या पेटीची.

मी म्हटलं, कसली.

ती म्हणाली, तिसरा दात मीच तोडला होता, अकरा वर्षांची असताना, किल्ली कुलपात अडकली म्हणून खिळ्याने उपसायला गेले तेव्हा. मार मी खाल्ला होता. दात मी विसरेन का.

हे कट्ट्यावरून उठून आले, ठसा बघितला, म्हणाले, काखेत कळसा. पुढचं बोलले नाहीत. माझ्या नजरेने तिथेच थांबले.

आता दोन गोष्टी एकदम निघाल्या. एक, कळ कशाची होती ती. ती मी मान्य करते आहे, कारण फोमसमोर माणसाचं काय चालतं. हात दोन, एक ह्यांच्या खांद्यावर, एक बरणीवर. जुडगा बाजूला सारायला तिसरा कुठून आणू. दुकानात, घरात, फाटकात हात मोकळे असायचे, म्हणून स्वर्ग.

दुसरी गोष्ट किल्लीची. आई गेली तेव्हा ती मी काढून घेतली होती. अक्काकडे पेटी आणि किल्ली दोन्ही राहिली असती तर तिने एकटीने उघडली असती. पेटी तिच्याकडे, किल्ली माझ्याकडे, म्हणजे उघडायची तर दोघींना एकत्र बसावं लागेल. हा माझा न्याय होता. फक्त किल्ली माझ्याकडे आहे एवढं सांगायचं राहिलं. सव्वीस वर्षं.

अक्का खूप बोलली. मधले शब्द लिहायचे नाहीत. शेवटी म्हणाली, मग चल, बस आता एकत्र.

पलंगाखालून ह्यांनी पेटी ओढली. किल्ली फिरेना. तेल घातलं. उघडली. आत एक जुनी चादर, घडी घातलेली, कसरीने खाल्लेली. चादरीत कागदाची पुडी. पुडीत किल्ली.

त्याच पेटीची दुसरी. हरवू नये म्हणून आईने जपून आत ठेवलेली.

तिसरा दात शाबूत होता.

मग अक्का हसायला लागली. ती हसली की तिला खोकला येतो, खोकला आला की मला हसू येतं. ह्यांनी पाणी आणून दिलं दोघींना.

येताना जुडगा पिशवीत, बरणीच्या जागी. अठरा किलोमीटर. कळ नाही. ह्यांना तीन वेळा उजवं-डावं सांगितलं, इतकं बरं वाटत होतं.

फाटकात चिरंजीव हात बांधून उभे. महिनाअखेर उलटली होती, बुधवार हाच निकालाचा दिवस. मी उतरले. पिसासारखी. आवाज नाही, वाकणं नाही. त्याच्या तोंडावर पहिल्यांदा मला हार दिसायला लागली.

आणि हे उतरले, चिरंजीवाकडे बघितलं, शिकवलेलं आठवलं, डावा हात पाठीवर ठेवला आणि एवढ्या जोरात कण्हले की समोरची खिडकी उघडली. महिनाभर सराव करून घेतला त्याचं फळ.

चिरंजीव म्हणाला, संपलं. उद्या गाडी विकायला काढतो.

मग मला सांगावं लागलं. फाटकात उभं राहून, खिडकीतल्या दोघांना ऐकू जाईल असं. की तुझ्या बाबांच्या पाठीला काही झालेलं नाही, कधीच नव्हतं. दुखत माझं होतं, आणि माझंही दुखत नव्हतं, किल्ल्यांचं दुखत होतं. चिरंजीवाला समजायला वेळ लागला. ह्यांना विचारलं, बाबा, खरंच काही दुखत नाही? हे माझ्याकडे बघायला लागले, काय उत्तर द्यायचं म्हणून.

सांगा म्हटलं, खरं सांगा.

नाही, म्हणाले. पण कण्हायला बरं वाटतं.

५ एप्रिल, शनिवार. दुपार.

जुनी सीट परत बसवली. सीटवाल्याने फळीवरून काढली, प्लास्टिक सोडलं, पुसून दिली. तोंडात चार पिना होत्या, हसू नये म्हणून दोन जास्त. मेमरी फोमची सीट त्याने दुकानात शोभेला ठेवली आहे. गिऱ्हाईक आलं की त्यावर हात दाबून दाखवतो.

गाडी राहिली. चिरंजीव म्हणाला, पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी माझा नवा विषय असेल.

अक्काची किल्ली अक्काला दिली. म्हणजे आता तिच्याकडे दोन आहेत, रिकाम्या पेटीच्या.

उरलेला जुडगा, दहा किल्ल्या, आज सकाळी दाराजवळच्या खिळ्याला टांगला. सगळ्यांना दिसेल असा. मनात म्हटलं, आता घर चालवा. समोर खुर्ची टाकून बसले, कोण आधी मागतं बघायला.

कोणी मागितला नाही. सूनबाई आली, साखरेचं फडताळ उघडलं, साखर काढली, फडताळ लावलं. मी म्हटलं, कुलूप? म्हणाली, नुसतं अडकवलेलं असतं. मी विचारलं, कधीपासून. म्हणाली, चार वर्षं झाली, तुम्ही काढू नको म्हणालात म्हणून काढलं नाही.

बाकीच्या नऊ किल्ल्यांचं विचारलं नाही.

मग वही मागितली. पानं उलटली. कडेचे सुटे शब्द मोजले, सात भरले. सगळे एकसारखे दिसतात, माझ्यासारख्या अडाणी बाईलाही. म्हटलं, नियम आजपुरता माफ. हे वाचून दाखव.

सूनबाईने वाचून दाखवले. सातही तेच.

किल्ल्या.

पहिला सहा मार्चचा. मी विचारलं, मग बोलली का नाहीस. म्हणाली, बोलली असती तर वही बंद झाली असती.

आजचं पान बघितलं. कडेला काही नाही. का, विचारलं.

म्हणाली, पेन आता नीट चालतंय.